संध्याकाळची अर्धी

सोमवार, ता. ४

धाकटे,

तू फोन कापलास. एकदा नाही, दोनदा कापलास. तिसऱ्यांदा लावला तर तुझ्या दुकानातल्या कुणा मुलीनं उचलला आणि "मॅडम गिऱ्हाइकात आहेत" म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, मीपण गिऱ्हाईकच आहे. तर म्हणे, गोळीचं नाव सांगा. नाव सांगितलं तशी पोपटासारखी बोलायला लागली. शिल्लक नाही, कधी येईल सांगता येत नाही, आठ दिवसांनी विचारा. तू शिकवून ठेवलेलं दिसतंय. इथल्या अकरा मेडिकलवाल्यांनापण कुणीतरी हेच शिकवलंय.

म्हणून हे पत्र. फाडायचं तर फाड. पण फाडायच्या आधी दोन ओळी वाचशीलच, मला माहीत आहे. लहानपणी तू पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नव्हतीस. माझं अक्षर चौथीत थांबलेलं आहे. हसायचं असेल तर हस, पण पुढे वाच.

भिंगरीच्या फिटच्या गोळ्या मिळत नाहीत. दुखण्याखुपण्याच्या गोळ्या असत्या तर तुझ्या दारात आले नसते. सात वर्षांची होती तेव्हापासून ही एकच गोळी चालू आहे, सकाळी एक, संध्याकाळी एक. आता एकोणीस पूर्ण झाली. शेवटची फिट आली त्याला चार वर्षं झाली. चार वर्षं मी रात्री तिच्या खोलीचं दार लावून झोपते, एवढी निश्चिंत. आणि आता हे.

आजची संध्याकाळची गोळी दिल्यावर डबीत तीस उरल्या. दिवसाला दोन. एकोणीस तारखेला डबी रिकामी. अजून मी तिला केळ्याच्या चकतीत खुपसून देते. लहानपणी गिळता येत नव्हती, घशात अडकायची, तेव्हाची सवय. एवढी घोडी झाली तरी तोंड उघडून बसते, म्हणते, "दे गं नैवेद्य." आपली आई असती तर म्हणाली असती, लाडावून ठेवलीय. असू दे. बाप तिसऱ्या वर्षी गेला, तेवढा लाड माझा.

गेल्या आठवड्यात एकेक दुकान पालथं घातलं. आमच्या कोपऱ्यावरचा जो चष्मेवाला आहे, ज्याच्याकडून मी बारा वर्षं गोळ्या घेते, तो म्हणतो, "ताई, वरूनच माल येत नाही."

मी म्हटलं, "वरून म्हणजे? देवाकडून?"

"कंपनीकडून हो. त्यांना कच्चा माल मिळत नाही."

"मग तू काय करतोयस?"

"मी काय करणार? मी रोज चाळीस लोकांना नाही म्हणतोय. माझ्या तोंडाला फेस आला."

"तुझ्या तोंडाला नाही म्हणून म्हणून येतो. माझ्या पोरीच्या तोंडाला खरा येतो," मी म्हटलं. तेव्हा त्यानं काउंटरखालून चार गोळ्या काढून दिल्या, कुणाच्या तरी उरलेल्या. त्या धरून तीस.

दुसरीकडे एकानं भलत्याच कंपनीची गोळी पुढे केली. म्हणे तेच औषध आहे, वेष्टण वेगळं. डॉक्टरबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, चार वर्षं पोरगी शांत आहे, मनानं काही बदलू नका, हीच शोधा. शोधा म्हणे. गोळी काय चुकलेलं वासरू आहे, घंटा वाजवत फिरायला?

तुला हे माहीत नसेल म्हणून सांगते, भिंगरी पाळणाघरात कामाला लागली. नऊ पोरं सांभाळते. दोन तर अजून बसतही नाहीत, सारखी कडेवर. तिला फिट आली तर एकटी ती पडणार नाही. कळलं?

तुझं स्वतःचं मेडिकल आहे. चार स्ट्रिपा बाजूला काढायला तुझं काय जातं? तू म्हणशील, डॉक्टरची चिठ्ठी पाठव. सख्ख्या बहिणीकडे चिठ्ठी मागतात का? तिला पहिली फिट आली तेव्हा तिचं डोकं तुझ्याच मांडीवर होतं. ती तुझी चिठ्ठी.

आणि आपलं जे झालं ते आपल्या दोघींचं. आई गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना तू मला जे विचारलंस ते मी विसरले नाही. उत्तर दिलं नाही, देणार नाही. सहा वर्षं झाली. त्यात पोरीचा काय दोष?

कुरियरनं पाठवते आहे. सही घेतात. मिळालं नाही म्हणायची सोय नाही तुला.

ताई

शनिवार, ता. ९

धाकटे,

तुझी सही मिळाली. कुरियरवाल्याच्या मशिनवर दाखवली त्यानं. सही तीच, शेपटीवाली. उत्तर नाही. ताकास तूर लागू देत नाहीस, पहिल्यापासूनची सवय.

आज कारखान्यातून अर्धी सुट्टी काढून सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीपुढे उभी राहिले. सातला रांगेत, तरी माझ्यापुढे साठ माणसं. तिथं वेगळाच बाजार भरलेला. माणसं रिकामी स्ट्रिप हातात धरून एकमेकांना दाखवतायत, हरवलेल्या पोराचा फोटो दाखवावा तशी. एक म्हणते, माझ्याकडे थायरॉइडच्या आहेत, कुणाकडे दम्याचा पंप आहे का? एक रिटायर पोस्टमन आजोबा होते. बायकोला भिंगरीचीच गोळी लागते. मला म्हणाले, "बाई, आपल्या दोघांत एक आली तर वाटून घेऊ." मी म्हटलं, आजोबा, आधी येऊ दे, मग भांडू.

पावणेअकराला एक जाकीटवाला थेट खिडकीत घुसला. मी त्याची कॉलर धरून मागे आणला. "बाई, अंगाला हात लावू नका," म्हणाला. म्हटलं, "अंगाला नाही, कॉलरला लावलाय. तिरकी शिवलीय, शिंप्याला सांग." सगळी रांग हसली. अकराला खिडकी बंद. आतला म्हणाला, गोळी आली की फळ्यावर लिहू. फळ्यावर अजून मागच्या महिन्यातलं लसीकरण आहे.

असो. तू मदत केली नाहीस म्हणून आम्ही मरत नाही. डबीत अजून चोवीस आहेत. मला कमी समजू नको. मी कटिंगवाली बाई आहे. मास्तर कोटाचा कागदी फर्मा ठेवून बघतो आणि म्हणतो, या थानात चाळीसच कोट बसतील. मी त्याच थानात बेचाळीस बसवते. बाह्या उलट्या लावायच्या, खिसे फटीत घालायचे. बावीस वर्षं तेच करते. कुठली वस्तू कशी पुरवायची हे मला पुस्तकातून शिकायला लागत नाही. तुम्ही शिकलेली माणसं थान संपलं की नवं मागवता. आम्हाला माहीत असतं की नवं येणार नाही.

भिंगरी बरी आहे. दोन दिवस जरा पेंगते. काल हातातून पेला पडला, आज परत. वेंधळी आहे पहिल्यापासून. मी ओरडले तर म्हणते, "आई, तू आजकाल माझ्याकडे अशी काय बघतेस? कापड बघितल्यासारखी." चुरूचुरू बोलते. तुझ्यावर गेलीय.

अजून दोन स्ट्रिपा मिळाल्या तर बघ. नसतील तर नसतील म्हणून कळव. माणसानं निदान नाही तरी म्हणावं.

ताई

गुरुवार, ता. १४
दवाखान्यातून, सकाळी

झालं एकदाचं तुझ्या मनासारखं.

काल दुपारी पाळणाघरात भिंगरीला फिट आली. एक नाही, लागोपाठ दोन. मला कारखान्यात फोन आला तेव्हा ब्लेडखाली कापडाचे ऐंशी पदर होते. मशीन तसंच सोडून पळाले. मास्तर मागून ओरडत होता, कापड सरकेल, कापड सरकेल. सरकू दे म्हटलं.

गेले तेव्हा चटईवर पडली होती, एका कुशीवर. ओठ फाटलेला. पाळणाघराच्या बाईंनी काय सांगितलं ऐक. कडेवर सात महिन्यांचं पोर होतं. भिंगरी मध्येच थांबली, म्हणाली, "बाई, मला वास येतोय." लहानपणी यायचा ना तिला, फिटच्या आधी, जळक्या रबराचा, तोच. चार पावलं चालून तिनं पोराला पाळण्यात ठेवलं, पाळण्याची कडी लावली आणि मग पडली. कडी लावली गं.

पोराला ओरखडासुद्धा नाही. पण बाई म्हणाल्या, "ताई, पोरगी सोन्यासारखी आहे, पण मी बाकीच्या आयांना काय सांगू?" सध्या कामावर पाठवू नका म्हणाल्या. सध्या म्हणजे काय ते मला कळतं.

रात्रभर सलाइन आणि इंजेक्शनं झाली. डॉक्टरबाई सकाळी आल्या. फाइल बघितली. मला विचारलं, "गोळ्या वेळेवर चालू होत्या ना? सकाळ-संध्याकाळ?"

मी हो म्हटलं.

"एकही चुकली नाही?"

"नाही."

मग त्या म्हणाल्या, पूर्ण गोळी चालू असून दोन फिट आल्या, म्हणजे एवढ्या औषधानं आता भागत नाही. पुढच्या शुक्रवारी, बावीस तारखेला सकाळी नऊला, दाखवायला या. तोवर हीच चालू ठेवा. त्या दिवसापासून दुसरं एक जास्तीचं औषध जोडू. ते जड आहे, पोरगी दिवसभर झोपाळू राहील, वजन वाढेल, दर महिन्याला रक्त तपासायचं. आणि ते एकदा चालू केलं की सहजासहजी बंद करता येत नाही. भिंगरी ऐकत होती. तिनं फक्त विचारलं, "मग मला पोरं उचलता येतील?" डॉक्टरबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तू वेळेवर स्ट्रिप पाठवली असतीस तर हे झालं नसतं. डबीत गोळ्या असताना फिट आली, मग तुझा दोष कसा, असं तू विचारशील. ते मला सांगता येत नाही. पण आहे.

ताई

शुक्रवार, ता. १५

काल संध्याकाळी भिंगरीला घेऊन घरी आले तर दाराखाली तुझं पाकीट. वरातीमागून घोडं.

सहा वर्षांनी पत्र आणि त्यात किती ओळी, तर सहा. मी त्या इथं उतरवून काढते, म्हणजे तुला कळेल तू कशी लिहितेस.

"ताई, सोमवारी तीस होत्या. शनिवारी वीस उरायला हव्यात. तू चोवीस लिहिल्यास. तू गोळी कापतेस. ही गोळी कापायची नसते. ती पोटात दिवसभर सावकाश सुटते, कापली की सगळी एकदम सुटते आणि मग काहीच उरत नाही. आजपासून पूर्ण दे. मूळ चिठ्ठी पाठव, दोन स्ट्रिपा तिच्या नावानं बाजूला काढल्यात. मंगळवारपासून फोन लावतेय. फोन उचल."

कशी आहेस नाही, भिंगरी कशी आहे नाही. गोळ्या मोजल्यास. आईच्या उशाशीपण तू तेच केलंस. माणूस गार पडलंय आणि ही स्ट्रिपा मोजतेय.

मी गोळी कापत नाही. चोवीस लिहिताना चुकलं असेल. चौथी शिकलेल्या बाईचं चुकतं.

फोन इथं दिसला नाही.

ताई

सोमवार, ता. १८

धाकटे,

शुक्रवारचं पत्र तू वाचलंस की नाही माहीत नाही. वाचलं असशील तर बाजूला ठेव. हे वाच.

फोन दिसला होता. मंगळवारी तीन वेळा. कपाटात पिशवीत वाजत होता, जेवणाच्या सुट्टीत बघितलं, लांबचा नंबर, दुकानाचा. मला कळलं की तूच. मी डबा खात बसले आणि तो चौथ्यांदा वाजायची वाट बघितली. मनात म्हटलं, आता हिला कळू दे, घंटी वाजत राहते आणि कुणी उचलत नाही तेव्हा कसं वाटतं. वाजला असता तर उचलला असता का, ते सांगता येत नाही. मंगळवारी उचलला असता तर बुधवार आला नसता. हे मी चार दिवस रोज मनात म्हणते, आज लिहिलं.

आता दुसरं. सहा तारखेपासून कापत होते. पाच तारखेला चष्मेवाला म्हणाला, महिनाभर तरी काही येत नाही. घरी येऊन डबी उघडली. एकोणतीस, अठ्ठावीस, असं मोजत बसले आणि माझ्या हातांनीच ठरवलं. कारखान्यातली जुनी ब्लेड घरी असते, खडूला टोक काढायला. गोळी पाटावर ठेवली, मध्यावर ब्लेड ठेवली, वरून तळहातानं दाबलं. एक कणही सांडला नाही. दोन्ही अर्ध्या अगदी सारख्या. तुला खरं सांगते, मला बरं वाटलं. थानातून दोन कोट जास्त काढल्यावर वाटतं तसं. पंधरा दिवसांचे महिनाभर झाले, एका ब्लेडीनं. केळ्याच्या चकतीत अर्धी काय आणि अख्खी काय, भिंगरीला कळणार कसं?

गोळीवर मधे रेघ नव्हती. ते मी बघितलं होतं. बाकीच्या कापायच्या गोळ्यांवर रेघ असते, हे मला माहीत आहे, माझ्या स्वतःच्या बीपीच्या गोळीवर आहे. बघितलं आणि तरी कापली. कापडावर तरी रेघ कुठं असते, ती आपणच मारतो.

मग पेला पडला, मग ती पेंगायला लागली. मी तिला वेंधळी म्हटलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा तोंडात हो तयार होतं. ज्या तोंडानं रांगेतल्या माणसाची कॉलर धरायची हिंमत होते, त्याच तोंडाला "मी कापल्या" म्हणता आलं नाही. आता त्या बाई माझ्या एका हो-वर माझ्या पोरीला जड औषध घालणार. पोरगी जन्मभर झोपाळू होणार, नोकरी जाणार, कारण काय, तर पूर्ण गोळीनं भागत नाही. आणि पूर्ण गोळी तिला आठ दिवस मिळालीच नव्हती.

काल रविवारी भिंगरी रडत होती. ती रडत नाही, तुला माहीत आहे. मला म्हणाली, "आई, माझीच चूक आहे. बुधवारी घाईत होते. केळ्याचा तुकडा नीट चावला नाही, गोळी बहुतेक तोंडातून पडली असेल, मला आठवतच नाहीये. आणि त्या बाळाला काही झालं असतं तर?" तीन दिवस ती हे एकटी मनात घोळवत होती. खाटेखाली वाकून गोळी शोधत होती गं ती. खाली कुठं पडलीय का म्हणून बॅटरी लावून शोधत होती.

मी उठले, डबी आणली, उघडून तिच्यापुढे धरली. त्यात बुधवारची संध्याकाळची अर्धी तशीच होती. सकाळची अर्धी पोटात गेली, संध्याकाळी ती दवाखान्यात होती. तिनं ती उचलली, कापलेल्या बाजूवरून बोट फिरवलं. तिला काही सांगावं लागलं नाही.

"किती दिवस?"

"साडेसात," मी म्हटलं. तिथंसुद्धा माझा बेत बिनचूक.

मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर मीपण ओरडले असते, आणि मग जमलं असतं. तिनं एवढंच विचारलं, "आजीलापण असंच केलं होतंस?"

तेरा वर्षांची होती ती. आम्हाला वाटलं बाहेर खेळतेय. दाराआड उभी राहून सगळं ऐकलं होतं तिनं. सहा वर्षं पोटात ठेवलं आणि सहा वर्षं माझ्या हातची गोळी तोंड उघडून खाल्ली.

मी तिला हो म्हटलं. तुला त्या दिवशी "तोंड सांभाळ" म्हटलं होतं, आणि मग सगळ्या नातेवाइकांनी तुलाच दुष्ट ठरवलं, आईच्या मढ्यापाशी भांडण काढणारी. मी तसं ठरवू दिलं. आता तुला लिहून देते. हो. आईच्या हृदयाच्या गोळ्या मी पाच महिने दिवसाआड दिल्या. तेव्हा टंचाई नव्हती. दुकानात होत्या, पैसेही होते. त्या फक्त मोठ्या दवाखान्याच्या मेडिकलमध्ये मिळायच्या, दोन बस बदलून, आणि अर्धा दिवस जायचा. मला तेव्हा कटिंगच्या टेबलावर मुख्य व्हायचं होतं, मास्तर खाडे बघत होता. महिन्याला एक फेरी होती, ती दोन महिन्यांना एक केली. आई म्हणायची, मला बरं वाटतंय. मीपण मानलं. पोटाला कुणी उपाशी ठेवलं नाही, अंगावर कुणी हात टाकला नाही, नुसतं पुरवून वापरलं. ते चालून गेलं पाच महिने, आणि मग नाही चाललं. तू उशाशी स्ट्रिपा मोजल्यास आणि तुझं गणित बरोबर निघालं, तेवढाच तुझा गुन्हा.

यावर तू काय म्हणशील ते मला आत्ता ऐकायचं नाही. ते नंतर. समोर बसून, हवं तेवढा वेळ.

आता कामाचं.

एक. मूळ चिठ्ठी या पत्राबरोबर जोडली आहे. सख्ख्या बहिणीकडेसुद्धा चिठ्ठी मागतात, आणि मागावीच, हे मला कळलं. उद्या सकाळी कुरियर उघडलं की टाकते. माणूस म्हणतो बुधवारी पोचेल.

दोन. तेरा तारखेनंतर कापलेली नाही. चौदाला दवाखान्यातली इंजेक्शनंच होती, पंधरापासून घरी पूर्ण गोळी चालू आहे. आता डबी भिंगरीकडे असते. काल संध्याकाळी मी सवयीनं केळं सोलायला घेतलं तर तिनं माझ्या हातातून घेतलं आणि खाऊन टाकलं. मग डबी उघडली, गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्याबरोबर गिळली. एका घोटात. बारा वर्षं गिळता येत नाही म्हणत होती. आज संध्याकाळी मी विचारलं, किती उरल्या? तर म्हणाली, "बारा. आणि तुझी ती अर्धी." ती तिला टाकून द्यायची नाही. का ते विचारायची माझी छाती झाली नाही. बारा म्हणजे रविवारी, चोवीस तारखेला, संध्याकाळी संपतात.

तीन. शुक्रवारी नऊ वाजता डॉक्टरबाईंपुढे मला खरं सांगायचं आहे. भिंगरी म्हणाली, "मी सांगणार नाही. तू हो म्हणालीस, तूच नाही म्हण." मी सांगणार. पण मला हे आधी कळायला हवं, आणि ते तुझ्याशिवाय मी कुणाला विचारू? कापलेल्या गोळीमुळेच फिट आली असं त्यांना सांगितलं तर ते दुसरं जड औषध टळेल का? का आता उशीर झाला? तू शिकलेली आहेस. हो की नाही, एवढं सांग. गोड करून सांगू नको, मला गोड आवडत नाही, तुला येतही नाही.

मी स्वतः तुझ्याकडे आले असते, पण पोरीला एकटं सोडता येत नाही. रात्री तिच्या खोलीचं दार उघडं असतं आता.

गुरुवारी, एकवीस तारखेला, संध्याकाळी सहाच्या आत मला उत्तर पाहिजे. पत्र नको, फोन कर. स्ट्रिपा पाठवतेस की नाही, आणि ते औषध टळतं की नाही. कारखान्यात सांगून ठेवलंय, त्या दिवशी फोन टेबलावर, ब्लेडीच्या शेजारी ठेवणार आहे. पहिल्या घंटीला उचलीन. नाही म्हणायचं असलं तरी फोन कर आणि तोंडानं नाही म्हण.

सहाच्या आत.

ताई